टीके-इंटरमधील बटण

टीके-इंटर ही पायथन भाषेसोबत मिळणारी, डेस्कटॉपवरील खिडक्या व त्यांतील घटक रचण्याची लायब्ररी असून, जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल भाषेसाठी विकसित केलेला टीके हा संच तिच्या मुळाशी आहे. बटण कोणत्या खिडकीत बसणार, त्यावर कोणता मजकूर असणार आणि ते दाबल्यावर कोणते फंक्शन चालणार, एवढे एका ओळीत सांगितले की बटण तयार होते; मात्र पॅक, ग्रिड किंवा प्लेस यांपैकी एका पद्धतीने जागा नेमून दिल्याखेरीज ते दिसत नाही.

नवशिक्यांचा गोंधळ बहुधा ‘कमांड’ या गुणधर्मापाशी होतो. तेथे फंक्शनचे नुसते नाव द्यायचे असते. नावापुढे कंस लावल्यास फंक्शन बटण तयार होतानाच चालते, त्याने परत केलेले मूल्य ‘कमांड’च्या जागी बसते आणि पुढे कितीही क्लिक केले तरी सहसा काहीच घडत नाही. गणकयंत्राची ० ते ९ ही बटणे लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या रचनेत) लॅम्डा, म्हणजे एका ओळीचे निनावी फंक्शन, वापरून केल्यास प्रत्येक बटण ९ उमटवते, कारण लॅम्डा लूपमधील चलाची किंमत बटण दाबले जाईल तेव्हा वाचतो. अंक लॅम्डाच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे लॅम्डा बनतानाच ठरून जाणाऱ्या मूल्यात, दिला की हा दोष जातो. शिवाय ‘कमांड’ला दिलेले फंक्शन वेळखाऊ असेल, तर ते संपेपर्यंत सगळी खिडकी गोठते.

मजकूर, फॉन्ट, रंग व कडांचा उठाव हे सारे बदलता येते. रुंदी मजकुराच्या बटणासाठी अक्षरांत मोजली जाते, पण तिचे माप त्या फॉन्टमधील शून्य या अंकाचे असते. जोडाक्षरे असलेल्या देवनागरी मजकुराला ते नेमके लागू पडत नाही, त्यामुळे रुंदी न देता बटणाला मजकुराप्रमाणे पसरू देणे बरे. बटणावरील चित्र फंक्शनच्या स्थानिक चलात ठेवल्यास फंक्शन संपताच ते नाहीसे होते, म्हणून त्याचा संदर्भ अन्यत्र जपावा लागतो.

मॅकवर साध्या बटणाचा पार्श्वरंग बदलण्याचा प्रयत्न सहसा फुकट जातो, कारण तेथे बटण त्या प्रणालीचे स्वतःचे असते. टीके ८.५ पासून संचात आलेल्या टीटीके या थीमनुसार रूप घेणाऱ्या घटकांत रंगरूप प्रत्येक बटणाला न देता ‘स्टाइल’मध्ये एकदाच नोंदवले जाते, आणि माउस वर असताना, दाबलेले असताना किंवा बटण निष्क्रिय असताना काय दिसावे, हे ‘मॅप’ या पद्धतीने वेगवेगळे ठरवता येते.