कोअर स्मृती
फेराइट या लोह-ऑक्साइडयुक्त चुंबकीय सिरॅमिकच्या बारीक कड्यांत, म्हणजे गाभ्यांत (कोअर), माहिती साठवणारी संगणकाची मुख्य स्मृती. साधारण 1955 ते 1975 या काळात बहुतेक संगणकांत तीच असे. एका कड्यात एक बिट मावतो: चुंबकन एका दिशेला असेल तर 1, उलट दिशेला असेल तर 0. वीज गेली तरी ते टिकते.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. लॉस एंजेलिसमध्ये रस्ते व पदपथांचे निरीक्षक असलेले फ्रेडरिक व्हीहे घरीच प्रयोग करत. चुंबकीय गाभ्यांच्या मंडलांसाठी त्यांनी 1947 मध्येच पेटंटचा अर्ज केला. आयबीएम या संगणक कंपनीने त्यांचे हक्क 1956 मध्ये विकत घेतले, तरी बहुतेक इतिहासांत त्यांचा उल्लेख ओझरताच येतो. हार्वर्डमध्ये आन वांग यांनी 1949 मध्ये अर्ज केला. वाचताना बिट पुसला जातो ही मुख्य अडचण होती. वाचलेले लगेच पुन्हा लिहावे, हा त्यावरचा वांग यांचा उपाय. सहकारी वे-डाँग वू यांचे नाव दोघांच्या 1950 च्या शोधनिबंधावर आहे, पेटंटावर नाही. मात्र वांग यांचे गाभे एकामागून एक जोडलेले असल्याने हवा तो बिट सरकत येईपर्यंत थांबावे लागे. कोणताही बिट थेट गाठणारी जाळी आरसीए या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे यान राजकमन (अर्ज 1950) आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे (एमआयटी) जे फॉरेस्टर (अर्ज 1951) यांनी स्वतंत्रपणे मांडली. त्यांच्या पेटंटांवरचा वाद 1964 मध्ये मिटला आणि हक्कांपोटी आयबीएमने एमआयटीला 1 कोटी 30 लाख डॉलर दिले. अर्जाची तारीख राजकमन यांच्या बाजूची असली, तरी चालत्या संगणकात जाळी प्रथम बसवण्याचे श्रेय फॉरेस्टर यांच्या गटाला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

फॉरेस्टर यांना योग्य पदार्थ सापडला तो योगायोगाने. 1949 च्या सुमारास डेल्टामॅक्स या निकेल-लोह मिश्रधातूची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. त्याचा मंदायन वक्र (प्रवाहानुसार चुंबकन कसे बदलते ते दाखवणारा आलेख) जवळजवळ चौकोनी होता, म्हणजे अर्ध्या प्रवाहाने चुंबकन ढळत नसे आणि पूर्ण प्रवाहाने झटकन उलटे. पण धातूतील भोवरा प्रवाहांमुळे (चुंबकन बदलताना धातूतच निर्माण होणाऱ्या विद्युत् प्रवाहांमुळे) ते उलटण्यास वेळ लागे. ही अडचण विद्युत् रोधक फेराइटने दूर केली.

जाळीत प्रत्येक कड्यातून एक आडवी व एक उभी तार जाते. दोन्हींतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला की फक्त छेदबिंदूवरचे कडे उलटते. वाचन-तार त्या उलटण्याचा स्पंद टिपते. चौथी, रोधक तार लिहिताना विरुद्ध अर्धा प्रवाह देऊन 0 राखते. अर्धा प्रवाह मिळालेली इतर कडीही थोडा गोंगाट करतात. तो एकमेकांत मिटावा म्हणून वाचन-तार निम्म्या कड्यांतून उलट दिशेने ओवत. चाचणीत 1 आणि 0 असे भरत की हे मिटणे कमीत कमी होईल. त्यात टिकलेली जाळीच पुढे जाई. तापमान वाढले की कडे कमी प्रवाहात उलटते आणि अर्ध्या प्रवाहानेही बिट बिघडू शकतो. म्हणून प्रवाह तापमानानुसार कमी-जास्त करत किंवा जाळी स्थिर तापमानात ठेवत.

ओवण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांनी, सूक्ष्मदर्शकाखाली हाताने केले. कडी सुरुवातीला सुमारे 2 मिमी. व्यासाची होती, पुढे अर्ध्या मिमी.हूनही लहान झाली. फेराइट ठिसूळ, कड्याच्या धारेने तारेचे वेष्टन खरवडले जाऊन तारा एकमेकींना टेकण्याचा धोका असे. या कामगारांची नावे क्वचितच नोंदली गेली, हा या इतिहासातील मोठा अन्याय होय.

एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात ही स्मृती ऑगस्ट 1953 मध्ये बसवली गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या टिफ्रॅक (1960) या संगणकात 40 बिटांचे 2,048 शब्द, म्हणजे 81,920 बिट, फेराइट कड्यांत होते.

1970 मध्ये इंटेलची 1103 ही चिप आल्यावर अर्धवाहक स्मृती स्वस्त होत गेली. अमेरिकेच्या अंतराळ शटलमध्ये मात्र कोअर स्मृती 1986 नंतरही काही वर्षे होती.