टँकरवर काम पाहिजे? नुसतं हेवी लायसन दाखवून चालत नाही

गुजरातेत मेहसाणा-अंकलेश्वरकडे तेलविहिरींवरनं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, उचलायचं असो नाहीतर आपल्या मनमाडजवळ पानेवाडीतून पेट्रोल-डिझेल भरायचं असो, टँकरच्या कामाला जाणाऱ्या पोरांचं घोडं एकाच जागी अडतं. गाडी चांगली येते, हेवी लायसन आहे, कित्येक वर्षं ट्रेलर मारलाय, आणि तिथं गेल्यावर विचारतात हॅझर्डस कुठंय, म्हणजे लायसनवर धोकादायक माल न्यायची नोंद कुठंय? ते नसतंच, किंवा असतं पण संपलेलं असतं.

आधी एक सांगतो, टँकर बहुतेक ट्रान्सपोर्टरचे असतात आणि ड्रायव्हरही तोच ठेवतो. त्यामुळं मोबाईलवर "ऑइल कंपनीत ड्रायव्हर भरती, आधी फॉर्म फी पाठवा" असं आलं की सरळ डिलीट मारा. काम मिळतं ते ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात किंवा डेपोबाहेरच्या पार्किंगमध्ये, जुन्या ड्रायव्हरच्या ओळखीनं.

लायसनचं नेहमीचं सगळ्यांना माहितीये. वय २० पूर्ण, एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसनला एक वर्ष झालेलं, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, डॉक्टरचा फॉर्म १ए, अर्ज सारथीवर, म्हणजे सरकारच्या लायसनच्या वेबसाइटवर. आठवी पासची अट २०१९ साली काढली, तरी काही एजंट अजून "मार्कशीटचं मी बघतो" म्हणून पैसे घेतात. देऊ नका.

आता मुद्द्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमातला नियम ९ सांगतो की धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला राज्य सरकारनं मान्यता दिलेल्या संस्थेत ३ दिवसांचं ट्रेनिंग पाहिजे. शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. आठवीची अट गेली म्हणून खुश झालेले इथं गडबडतात. हे उगाच नाहीये, टँकरच्या मागं जो पॅनल असतो त्यावर पेट्रोलला १२०३, क्रूडला १२६७ असे मालाच्या ओळखीचे नंबर असतात आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे गळती झाली, आग लागली तर काय करायचं त्याचा कागद, तो तुम्हालाच वाचायचाय, मालक तिथं नसणार.

ट्रेनिंग करतात, सर्टिफिकेट घेतात, लॅमिनेशन करून ठेवतात आणि समजतात झालं काम. झालं नाही! ते सर्टिफिकेट आणि लायसन घेऊन आरटीओकडे अर्ज करायचा असतो, सारथीवर हॅझर्डस एन्डॉर्समेंटची वेगळी सर्व्हिस आहे, आणि लायसनवर तशी नोंद चढली की मगच तुम्ही कायद्यानं टँकर चालवू शकता. नुसतं सर्टिफिकेट घेऊन गेटवर उभे राहिलेले इतके बघितलेत की आता रागही येत नाही. आणि पैसे टाकून एका दिवसात सर्टिफिकेट देणारेही आहेत, त्या संस्थेला मान्यता नसली तर अर्ज परत येतो आणि पैसे बुडतात ते वेगळंच, म्हणून फी भरायच्या आधी आरटीओत विचारा कुठली संस्था चालते.

दुसरा घोळ तारखेचा. स्मार्ट कार्डवर तारखा एकापेक्षा जास्त असतात, एनटी म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्टची वेगळी, टीआर म्हणजे ट्रान्सपोर्टची वेगळी, हॅझर्डस वेगळी. माणूस सगळ्यात लांबची तारीख बघतो आणि निवांत बसतो. ट्रान्सपोर्टची मुदत ५ वर्षं, हॅझर्डसची ३ वर्षं (आधी तर एकच वर्ष होती), म्हणजे टीआर चालू असताना हॅझर्डस संपलेलं असू शकतं, आणि त्या दिवशी अपघात झाला तर इन्शुरन्सवाले तेच पकडतात. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन चालायचं. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली, पण ड्रायव्हर लोकांच्या डोक्यातून काही गेली नाही. रिन्यूअल मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. हॅझर्डसच्या रिन्यूअलला रिफ्रेशर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, ते शेवटच्या आठवड्यात शोधत फिरू नका. मुदत संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट.

अजून एक गैरसमज. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन चालतं. ते वाचून छोट्या टँकरवर बसू नका, त्याच निकालात धोकादायक मालाच्या गाड्यांची अट कायम ठेवलीये.

नावाचं दुखणं तर विचारूच नका. लायसनवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडं पूर्ण आणि दुसरीकडं नुसतं अक्षर, आणि पोलीस व्हेरिफिकेशनला तिसराच प्रकार. माणूस तोच आहे हे समोरच्याला दिसत असतं तरी कागद परत. आधी आधार आणि लायसन जुळवा, मग बाकीचे अर्ज. जुनं पुस्तकवालं लायसन सारथीवर दिसतच नसेल तर ज्या आरटीओनं दिलंय तिथं जाऊन आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या लायसनची कॉम्प्युटरवर नोंद, करून घ्या, नाहीतर ऑनलाइन अर्ज पुढं सरकणारच नाही.

तेलविहिरींच्या भागात याच्यावर आणखी कागद लागतात. तिथं खाणीचे नियम लागतात, त्यामुळं कंत्राटी ड्रायव्हरलाही मेडिकल आणि व्होकेशनल ट्रेनिंग विचारतात, आणि त्याशिवाय गेटपास होत नाही. हे सहसा ट्रान्सपोर्टरमार्फत होतं, पण त्यात दिवस जातात आणि तोवर पोरं गाडीतच झोपतात, पगार सुरू नसतो. म्हणून निघायच्या आधी फोनवर स्पष्ट विचारा, ट्रेनिंग आणि मेडिकल कोण करून देणार, गेटपास मिळेपर्यंत भत्ता देणार का, आणि ओरिजिनल लायसन मालक स्वतःकडे ठेवून घेतो म्हणाला तर झेरॉक्स द्या, ओरिजिनल देऊ नका.