झेंडू भाजीच्या वाफ्यात कसा आला

मुघल अमदानीत नाशिकचे नाव गुलशनाबाद होते, म्हणजे फुलबागांचे गाव. इथल्या वाड्यांच्या परसात सांडपाण्यावर अळू आणि कर्दळ वाढे, जास्वंद-तगर-शेवंती देवपूजेसाठी लावलेली असे. भाजी राखायला फुले लावावीत, हा विचार मात्र बराच अलीकडचा.

त्यातले मुख्य फूल झेंडू. त्याच्याशिवाय आपले दसऱ्याचे तोरण पुरे होत नाही, पण तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. आफ्रिकन, फ्रेंच ही नावे त्याला युरोपात चिकटली. १६व्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारातून मिरची आली, झेंडू आला. टोमॅटो आपल्या स्वयंपाकात रुळायला आणखी बराच काळ गेला. म्हणजे टोमॅटोच्या कडेला झेंडू लावतो, तेव्हा एकाच मुलखातली दोन झाडे पुन्हा शेजारी येतात.

झेंडूच्या मुळांची ताकद नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९५०च्या दशकात तपासली. सूत्रकृमींना, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म जंतांना, मारक असे मुळांतले द्रव्य, अल्फा-टर्थिएनिल, १९५८ मध्ये ओळखले गेले. दुसरा धागा आपल्याकडचा. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात आफ्रिकन झेंडू टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा पीक म्हणून, म्हणजे किडीला स्वतःकडे ओढून मुख्य पीक वाचवायला, वापरला होता. हीच आपली हरभऱ्यावरची घाटेअळी. पुढे शेतासाठी १६ ओळी टोमॅटोला १ ओळ झेंडू अशी शिफारस रूढ झाली.

घरच्या बागेत गल्लत होते ती इथेच. मुळांचे काम वेगळे, फुलांचे वेगळे. टोमॅटो दुपारी मान टाकतो, उपटला तर मुळांवर गाठी दिसतात, हे सूत्रकृमी. त्यांच्यावर कडेच्या चार झेंडूंचा काही उपयोग नाही. त्या वाफ्यात एक हंगाम भाजी न घेता बुटका फ्रेंच झेंडू वीतभर अंतरावर दाट लावावा, दोन-तीन महिने तण येऊ देऊ नये (तणाच्या मुळांवर सूत्रकृमी तग धरतात) आणि मग झाडे मुळांसकट मातीत गाडावीत. फायदा पुढच्या एका पिकापुरताच धरावा.

सापळ्यासाठी मात्र उंच आफ्रिकन झेंडूच हवा आणि सगळे गणित वयाचे आहे. लावताना झेंडूचे रोप ४० दिवसांचे, टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे, म्हणजे दोन्ही एकदम फुलतात. नाशिकला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावायचे असेल तर झेंडूचे बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, टोमॅटोचे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकावे. १० बाय १० फुटांच्या वाफ्याला कडेने तीन-चार झेंडू पुरतात. मेथी-पालकाच्या दक्षिणेला ते नकोत; थंडीत ऊन दक्षिणेकडून येते आणि भाजी सावलीत पडते.

सापळा लावला की तो तपासावाच लागतो. या अळीचा पतंग कळ्या-फुलांवर टाचणीच्या डोक्याहूनही बारीक पिवळसर पांढरी अंडी घालतो. दर तिसऱ्या दिवशी पोखरलेल्या कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. हे चुकले तर झेंडू अळ्यांचे पाळणाघर होतो.

मधमाश्यांसाठी गच्च पाकळ्यांचा झेंडू फारसा कामाचा नाही. एकेरी पाकळ्यांचा कॉसमॉस, फुलावर आलेली बडीशेप-कोथिंबीर, न खुडलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या जास्त उपयोगी. काकडी, कारल्याला मधमाश्यांचीच गरज असते. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात. त्यांना पतंग हवेत, नाहीतर हाताने परागीकरण करावे लागते.

फेब्रुवारीनंतर हवा कोरडी झाली की झेंडूवर लाल कोळी येतो आणि तिथून वांग्यावर जातो. पानांखाली बारीक जाळी दिसताच झाड न झटकता पिशवीत घालून उपटावे. आणि वाफ्यात टोमॅटो फुलावर असताना दसरा आला, तर तोरणासाठी सगळी फुले तोडू नयेत. प्रत्येक झाडावर चार-पाच तरी ठेवावीत, नाहीतर पतंग त्याच रात्री टोमॅटोकडे वळतो.