कचऱ्याच्या कामाला पैसे आले कुठून? ठाणे-नवी मुंबईची पार्श्वभूमी

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली एक यंत्र उभं आहे. ओल्या कचऱ्याचं खत करणारं. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून ते आलं तेव्हा फीत कापली गेली, फोटो निघाले, पुढच्या बाजूला देणगीदाराची पाटी लागली. जेमतेम वर्षभर ते चाललं. ते चालवायची एक मावशी. झाकण उघडून ती मूठभर कचरा हातात घ्यायची आणि दाबून बघायची. बोटांमधून पाणी गळलं की आणखी भुसा, नुसतीच ओल जाणवली की काम बरोबर चाललंय. भाजीच्या देठांमधून दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे वेचून काढायची आणि वर येऊन सांगायची, "वहिनी, कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकू द्या. एवढासा तुकडा हाताला लागत नाही." पुढे कल्चर, म्हणजे खताचं विरजण, आणि भुसा संपला, वीजबिलावरून सभेत वाद झाला. या कामाचे वरचे दोन तास मावशीला कुणीच मोजून देत नव्हतं, म्हणून तिने ते सोडलं. यंत्रात आजही काही बिघाड नाही.

कचऱ्याच्या कामासाठी अनुदान येतं, पण ते मावशीपर्यंत पोहोचत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर या पैशाचा तीसेक वर्षांचा प्रवास बघावा लागतो.

ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला अस्तित्वात आली, नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला. त्याच १९९२ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन हे विषय शहरी स्थानिक संस्थांच्या यादीत आले. काम यादीत आलं, त्याच्या पैशांची तितकी ठोस सोय मात्र झाली नाही. झाडलोट आणि कचरा उचलणं मालमत्ता करावर चालायचं. पुनर्वापराचा सगळा भार उचलत होते रद्दीवाले, भंगारवाले आणि पाठीवर गोणी घेऊन फिरणाऱ्या बाया. पुठ्ठा, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या हे सारं कारखान्यापर्यंत त्यांच्याच हातांनी जायचं. शहराच्या हिशोबाच्या वहीत त्यांची नोंद कुठेच नव्हती.

१९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला आणि कचऱ्याकडे बघण्याची नजर देशभर बदलली. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्यातूनच पुढे २००० सालचे नागरी घनकचरा नियम आले. शहरांनी २००३ अखेरपर्यंत कचरा प्रक्रियेची सोय उभारावी, असं त्यांत लिहिलं होतं. प्रक्रिया म्हणजे जमीन, शेड, यंत्रं, माणसं, आणि एवढा पैसा बहुतेक पालिकांकडे नव्हता.

महाराष्ट्रात याच सुमारास एक वेगळी वाट निघाली, आणि तिचं महत्त्व मला आजही मोठं वाटतं. २०००-०१ मध्ये राज्याने संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. दोनेक वर्षांत त्याचं नागरी रूपही आलं. आधी निधी देऊन मग काम मागायचं, ही रीत त्यात उलटी केली होती. गावाने, शहराने आधी काम करायचं, मग बक्षीस घ्यायचं. ज्यांच्या नावाने अभियान चाललं त्या बाबांनीही आधी झाडू हातात घेतला होता, कीर्तन रात्री. नवी मुंबईच्या नावावर या अभियानातली बक्षिसं आहेत. लोकांचे श्रम हेच भांडवल मानणारी ही योजना होती. तिच्यातली उणीव एवढीच, की बक्षीस एकदाच मिळतं आणि कचरा रोज निघतो.

खाडीपलीकडे मुंबईत त्याच सुमारास काही प्रयोग उभे राहत होते. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांच्या प्रयत्नांतून १९९७ च्या सुमारास एएलएम, म्हणजे वस्तीनिहाय व्यवस्थापनाची पद्धत आली. २००१ मध्ये दत्तक वस्ती योजना आली. झोपडपट्टीची सफाई तिथल्याच संस्थेने करायची आणि पालिकेने त्यासाठी दरमहा पैसे द्यायचे, असं तिचं साधं स्वरूप होतं. या भागात वस्तीच्या कामाला थेट मिळालेल्या अनुदानाचं मला दिसणारं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. तिच्यात त्रुटी होत्या, मजुरी फार तुटपुंजी होती, पुढे ती योजना बदलली. तरी दरमहाचा पैसा दरमहाच्या कामासाठी, हे तत्त्व तिने मान्य केलं होतं.

दुसरा धागा स्त्री मुक्ती संघटनेचा. १९७५ पासून काम करणाऱ्या या संघटनेने १९९८ मध्ये कचरावेचक बायांसाठी परिसर विकास हा कार्यक्रम सुरू केला. ओळखपत्र, बचत गट, सुका कचरा वेगळा करण्याचं आणि खत करण्याचं प्रशिक्षण असं त्याचं रूप. तुर्भ्याच्या डम्पिंगवर जगणाऱ्या बायांपर्यंतही हे काम पोहोचलं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शरद काळे यांनी विकसित केलेला निसर्गऋण बायोगॅस प्रकल्प चालवायलाही या बाया शिकल्या. चार इयत्ता शिकलेली बाई तापमान आणि पाण्याचं प्रमाण बघून गॅस प्रकल्प चालवते, यासारखं कौशल्य विकत मिळत नाही. ठाण्यात समर्थ भारत व्यासपीठाने निर्माल्याचं खत करण्याचं काम पालिकेच्या साथीने उभं केलं. गणपतीच्या दिवसांत तलावाकाठी दुर्वा, जास्वंद, केवडा यांचा ढीग बघितला असेल त्याला या कामाची किंमत सांगावी लागत नाही.

आता येतो मोठा पैसा, आणि माझ्या मते इथेच वळण चुकलं. बाराव्या वित्त आयोगाने २००५ ते २०१० या काळासाठी शहरी संस्थांना ५,००० कोटी रुपये सुचवले. त्यातला किमान निम्मा भाग घनकचऱ्यासाठी राखायचा होता, आणि तोही खासगी भागीदारीच्या मार्गाने. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू शहरी पुनर्निर्माण अभियान आलं. ठाणे आणि नवी मुंबई बृहन्मुंबई नागरी समूहात मोडतात. ४० लाखांवरच्या लोकसंख्येच्या समूहांना केंद्र ३५ टक्के आणि राज्य १५ टक्के देणार, उरलेले ५० टक्के शहराने उभे करायचे, असा हिशोब होता. हा पैसा निविदेतून खर्च व्हायचा. निविदा भरायला उलाढाल लागते, अनामत रक्कम लागते, गाड्या लागतात. बचत गटाकडे यातलं काय असणार? आणि कचरा वाहून नेण्याचा मोबदला बहुतेक ठिकाणी टनावर ठरला. टनावर पैसे मिळणाऱ्या माणसाला कचरा जितका जड आणि जितका मिसळलेला, तितका फायदा. घरातच ओला-सुका वेगळा झाला, सुका कागद-पुठ्ठा बाईने उचलला, ओल्याचं सोसायटीत खत झालं, तर गाडीत पडणारं वजन घटतं. म्हणजे शहराची जी बचत, तेच ठेकेदाराचं नुकसान. कचरा कमी करण्याच्या कामाला पैसा का मिळत नाही, याचं उत्तर मला या टनाच्या दरात दिसतं.

दोन्ही शहरांचे रस्तेही इथेच वेगळे झाले. नवी मुंबई सिडकोने आखलेली. तिला जागा मिळाली, तुर्भ्याला शास्त्रोक्त भरावभूमी, म्हणजे कचरा पुरण्याची जागा, झाली, आणि कोपरखैरण्याच्या जुन्या डम्पिंगवर माती टाकून निसर्ग उद्यान उभं राहिलं. आज तिथे सकाळी फिरणाऱ्यांच्या पायाखाली जुना कचरा आहे, हे कळतही नाही. ठाण्याकडे स्वतःची धड जागा कधी नव्हतीच. वर्षानुवर्षं कचरा दिवा या उपनगरात पडत राहिला, तो पेटायचा, आणि धूर दिव्यातल्या घरांत शिरायचा. २०२३ च्या सुरुवातीला दिव्याचं डम्पिंग बंद झालं आणि कचरा भंडार्ली गावाकडे वळला. एका गावाचा धूर थांबला की दुसऱ्या गावाच्या वेशीवर गाड्या उभ्या राहतात, हे ठाणेकरांनी पाहिलेलं आहे.

इथे एक बाहेरचा दाखला देते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९६ पासून भरावभूमीत जाणाऱ्या कचऱ्यावर टनामागे कर बसला. त्याच्याच जोडीला एक सोय झाली, की या कराचा काही भाग पर्यावरणाच्या आणि भरावभूमीजवळच्या वस्त्यांच्या कामांना देता येईल. स्थानिक पुनर्वापर प्रकल्पांनाही त्यातून निधी मिळाला. म्हणजे कचरा पुरणाऱ्याने भरायचं, आणि शेजारी राहणाऱ्यांना त्यातून काही मिळायचं. आपल्याकडे देशपातळीवर असा कर नाही. तो असता तर दिव्याच्या बचत गटाला अर्ज करायला निदान एक खिडकी मिळाली असती.

२०१४ नंतरची वर्षं धावपळीची. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, २०१६ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणाची क्रमवारी आली. नवी मुंबई त्यात वर चढत गेली, २०२० मध्ये तिसरी, २०२१ मध्ये चौथी, पुढे पुन्हा तिसरी. त्या मेहनतीचा मला अभिमान आहे. पण सीएसआरचा पैसा वस्तू मागतो, कारण वस्तूचा फोटो निघतो, तिच्यावर पाटी लागते आणि आर्थिक वर्षाच्या आत बिल लागतं. एप्रिल २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला केंद्राकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ८०जी आणि १२ए या आयकराच्या नोंदण्या, लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळं सांभाळायचं तर एक सीए धरावा लागतो. कागदपत्रांच्या या उंबरठ्यावरच दहा बायांचा गट अडतो.

एप्रिल २०१६ चे घनकचरा नियम चांगले होते. कचरा तीन प्रकारांत वेगळा करा, कचरावेचकांना ओळख द्या आणि कामात सामावून घ्या, ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा जमेल तितका आवारातच जिरवावा. पण यातून एक गोष्ट घडली. काल जे काम उत्साहाने होत होतं, ते आज कर्तव्य झालं, आणि कर्तव्याला मदत कशाला, असा सूर लागला. घोडबंदर रोडवरच्या टॉवरसाठी ते एक वेळ ठीक आहे. दिघ्याच्या किंवा कळव्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत खताचा ड्रम ठेवायलाही जागा नसते. नवी मुंबई महापालिकेने शून्य कचरा झोपडपट्टीचा प्रयोग केला, तो म्हणूनच मला मोलाचा वाटतो.

खताला हात देण्याचाही प्रयत्न झाला. २०१६ मध्ये केंद्राने शहरी खताच्या विक्रीवर टनामागे १,५०० रुपये साहाय्य जाहीर केलं. त्यासाठी खत प्रमाणित असावं लागायचं आणि सुरुवातीला ते खत कंपन्यांच्या मार्गाने विकलं जावं लागायचं. सोसायटीच्या बागेत आणि कुंड्यांत जिरणाऱ्या खताला त्यातलं काही मिळण्यासारखं नव्हतं. मार्च २०१८ मध्ये राज्याने प्लॅस्टिकबंदी आणली, २०२२ मध्ये उत्पादकांची जबाबदारी ठरवणारी केंद्राची तत्त्वं आली. आता वेष्टन बनवणाऱ्या कंपन्या पुनर्प्रक्रियेच्या प्रमाणपत्रासाठी पैसे मोजतात. ते प्रमाणपत्र नोंदणीकृत प्रक्रियादाराच्या नावे निघतं. पिशवी गटारातून उचलणारी बाई साखळीच्या पहिल्या टोकाला, पैसा शेवटच्या टोकाला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वच्छ भारतचा दुसरा टप्पा आला. दहा लाखांवरच्या शहरांना प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के केंद्रीय साहाय्य ठरलं. २०११ च्या जनगणनेत ठाणे १८ लाखांवर आणि नवी मुंबई ११ लाखांवर होती, त्यामुळे दोन्ही शहरं याच रकान्यात. प्रकल्प चालवण्याचा रोजचा खर्च यात बसत नव्हता, तो शहराने पाहायचा. २०२० पासूनचं राज्याचं माझी वसुंधरा अभियान पुन्हा बक्षिसाच्या वाटेने गेलं. २०२४ मध्ये सफाई कामगारांसाठीच्या केंद्राच्या नमस्ते योजनेत कचरावेचकांचा समावेश झाला. नोंदणी, सुरक्षासाहित्य आणि आरोग्यविम्याचा विचार निदान सुरू झाला, याचं मला खरं समाधान आहे.

एक छोटा झरा मध्येच आटला, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. नगरसेवक निधी. त्याने बहुतेक वेळा नाव रंगवलेले डबे आणि बाकडीच आणली, हे खरं. तरी वस्तीतली बाई ज्याच्या दारात जाऊन उभी राहू शकत होती, असा तो एकच माणूस होता. नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली सगळी वर्षं प्रशासकाची होती.

आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत यंत्र पुन्हा सुरू करण्याचा ठराव आहे. खर्चाचा तक्ता मी केला आहे. पहिली ओळ मावशीच्या दरमहाच्या पगाराची, दुसरी भुसा आणि कल्चरची, तिसरी विजेची. दुरुस्तीच्या रकान्यात शून्य आहे. मावशीला विचारलं, येशील का. ती म्हणाली, "आधी सभेत काय ठरतंय ते सांगा."