नाव बुडाली म्हणून टिकली

दरवर्षी 5 एप्रिल आला की राष्ट्रीय नौवहन दिनाचे संदेश फिरू लागतात. 1919 साली याच दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, वगैरे. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी मंडळीही तो संदेश इमानेइतबारे पुढे ढकलतात. पण हे जहाज त्याआधी आपलंच होतं, हे कुणाच्या गावीही नसतं. मूळचं ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. 1914 च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ते विकत घेतलं, महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी त्याचं तरंगतं रुग्णालय केलं आणि त्याला 'लॉयल्टी' हे नाव दिलं. 1923 मध्ये मुंबईत ते मोडीत निघालं.

मोठ्या जहाजांची निदान कागदपत्रं उरतात. तलावांवरच्या डोंग्यांचं, म्हणजे छोट्या होड्यांचं, तसं नाही. तिघरा असो की शिवपुरीचा सख्यासागर, मासे धरणाऱ्या आणि शिंगाडे काढणाऱ्या ढीमर-केवटांच्या डोंग्यांचे आराखडे कुणी काढून ठेवत नाही. माप सुताराच्या नजरेत असतं आणि सुतार गेला की तेही जातं. मागे राहिलीच तर एखादी जुनी नाव गाळात राहते, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं किंवा गाळउपसा सुरू झाला की वर येते. मग तिला उचलून, खसखसून धुऊन 'वाळायला' उन्हात ठेवतात. नेमकं तेच तिच्या जिवावर बेततं.

पाण्यात लाकूड कुजतं, असं आपण धरून चालतो. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलाव्याइतकीच हवाही लागते. तलावाच्या गाळात काही मिलीमीटर खाली गेलं की प्राणवायू जवळपास संपतो आणि बुरशीचं काम थांबतं. शिवाय कोकणात होड्या पोखरणारा जहाजकिडा हा खाऱ्या पाण्यातला जीव, गोड्या तलावात त्याचा त्रास नाही. उरतात काही संथ जिवाणू. ते वर्षानुवर्षं लाकडाच्या पेशीभित्तिकांतलं, म्हणजे पेशींच्या भिंतींतलं, सेल्युलोज खात राहतात, पण त्याच भिंतींतल्या लिग्निन या दुसऱ्या घटकाला फारसा हात लावत नाहीत. सेल्युलोज गेलं की त्या जागी पाणी शिरतं. म्हणून अशी फळी दिसायला अखंड, कडेची तासणीसुद्धा स्पष्ट, पण नखानं दाबली तर नख आत जातं. तिचा आकार आता पाण्यानं पेललेला असतो.

ही फळी वाळू लागली की पाणी बारीक पोकळ्यांत मागे सरकतं आणि प्रत्येक पोकळीच्या तोंडाशी त्याचा अंतर्वक्र पडदा तयार होतो. पृष्ठताणामुळे तो पडदा भिंतींना आत ओढतो. भिजलेल्या कुंचल्याचे केस पाण्याबाहेर काढताच एकमेकांना चिकटतात, ते याच ओढीमुळे. ही ओढ किती? पृष्ठताणाची दुप्पट भागिले पोकळीची त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण मीटरला 0.072 न्यूटन. त्रिज्या एक मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) असेल तर ताण हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 1.4 पट, त्रिज्या 0.1 मायक्रॉन झाली तर 14 पट, आणि 0.01 मायक्रॉनला जवळजवळ 140 पट. पोकळी जितकी बारीक, तितकी ओढ जबर. ताज्या सागवानाच्या भिंती हे सोसतात. सेल्युलोज गमावलेल्या भिंती मात्र आत कोसळतात, आणि एकदा कोसळल्या की पुन्हा भिजवून त्या उभ्या राहत नाहीत. फळी आक्रसते, पिळवटते, आडवी तडकते.

उपाय दोन. पाण्याच्या जागी न उडणारं काहीतरी भरायचं, किंवा पडदाच तयार होऊ द्यायचा नाही. पहिल्या उपायासाठी मलमांत वापरतात ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल घेतात. त्याचे लहान रेणू पेशीभित्तिकांत शिरतात, मोठे रेणू पोकळ्या भरतात. स्टॉकहोमला 1628 मध्ये बुडालेली 'वासा' ही युद्धनौका 1961 मध्ये वर काढली आणि पुढे 17 वर्षं तिच्यावर या द्रावणाचे फवारे मारले. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. लाकूड गोठवायचं आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करायची. मधली द्रव अवस्थाच नाही, मग पडदा कसला आणि ओढ कसली!

आपल्याकडे गाळातून काही निघालं की आधी शेंदूर फासला जातो, पाठोपाठ 'हजार वर्षं जुनी नाव' अशी बातमी येते. शेंदूर हे बहुधा शिशाचं संयुग, ते लाकडात मुरलं की पुढच्या तपासणीचा विचकाच. आणि तिघरा धरणच 1916 चं, सांक नदीवरचं. त्याच्या तळातली डोंगी बहुधा शंभरीच्या आसपासची असणार. लाकडाचं वय सांगणारा कार्बन-14 इथे फारसा कामाचा नाही. साधारण 1650 नंतरच्या काळात मोजमापावरून साल काढायचा त्याचा आलेख इतका वरखाली होतो की एकाच मोजमापाला अनेक सालं जुळतात. त्यापेक्षा खिळे पाहा. घडीव खिळा चौकोनी अंगाचा, यंत्रावर तारेपासून केलेला गोल. अर्थात सुतार जुने खिळेही पुन्हा वापरतात, म्हणून एका खिळ्यावर निकाल देऊ नये.

तेव्हा नाव सापडली तर शक्यतो गाळातच राहू द्यावी. फुटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावेत, जागा टिपावी, पुरातत्त्व खात्याला कळवावं. बाहेर काढावीच लागली तर ओली गोणपाटं गुंडाळून वर प्लॅस्टिक घालावं, सावलीत ठेवावं आणि रोज पाणी मारावं. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधावी, ती पेन्सिलीनं लिहिलेली. शाई एका दिवसात धुऊन जाते.