व्यावसायिक सायकल शर्यतींतील उत्तेजक-सेवनाचा व फसवणुकीचा संशय

रस्त्यावरील व्यावसायिक सायकल शर्यतींत काही स्पर्धक बंदी असलेली द्रव्ये घेऊन, रक्तात फेरफार करून किंवा सायकलीतच यंत्र लपवून जिंकतात, असा संशय प्रेक्षकांप्रमाणेच खुद्द स्पर्धकांच्या मनातही दीर्घकाळ राहिला आहे. त्याचे मूळ जुने आहे. १९०३ मध्ये सुरू झालेल्या टूर द फ्रान्स या शर्यतीच्या दुसऱ्याच वर्षी गैरप्रकारांमुळे मोरिस गारँ याच्यासह पहिले चारही स्पर्धक बाद ठरले आणि पाचवा आलेला १९ वर्षांचा आँरी कॉर्ने विजेता झाला. काहींनी वाटेत चक्क आगगाडी पकडली, असाही आरोप तेव्हा झाला होता.

विदर्भाच्या ग्रामीण भागाला असा संशय अपरिचित नाही. तळेगाव दशासरसारख्या ठिकाणच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, एखादी जोडी अनपेक्षित वेगाने सुटली, की बैलांना काहीतरी पाजले असावे किंवा जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याजवळ विजेचा झटका देणारे साधन असावे, अशी कुजबुज सुरू होते. मात्र पट काही सेकंदांत संपतो आणि तेथे प्रश्न क्षणिक जोराचा असतो. टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते, सुमारे ३,४०० किलोमीटरचे अंतर कापावे लागते आणि आज थकलेले शरीर उद्या पुन्हा किती सावरते यावर निकाल ठरतो. पूर्वी स्पर्धक थकवा जाणवू नये म्हणून ॲम्फेटामाइन घेत. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू या डोंगराच्या चढावर मरण पावलेला ब्रिटिश स्पर्धक टॉम सिम्पसन याच्या शरीरात ते आढळले होते.

१९९० च्या दशकात एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, या द्रव्याने शर्यतींचे स्वरूपच पालटले. हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते आणि त्याच्या प्रभावाने अस्थिमज्जा तांबड्या रक्तपेशी बनवते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे विकार ही मोठी तक्रार आहे. तेथील डायलिसिसवरच्या रुग्णांना रक्त वाढावे म्हणून दिले जाणारे इंजेक्शन बहुधा याच द्रव्याचे असते. रुग्णाचे घसरलेले रक्त त्याने सावरते, तर धडधाकट स्पर्धकाचे रक्त दाट होऊन स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो व गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. ईपीओ थेट ओळखणारी चाचणी २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत वापरात नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९९७ मध्ये पुरुषांच्या रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. तिचा परिणाम असा झाला की ५० च्या आत राहून औषध घेण्याची जणू मुभाच मिळाली.

मोठी प्रकरणे बहुधा प्रयोगशाळेबाहेर उघड झाली, ही गोष्ट संशयाचे स्वरूप समजण्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. ८ जुलै १९९८ रोजी फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होए फ्रान्स-बेल्जियम सीमेवर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला, तो सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून. २००६ मध्ये माद्रिदमधील डॉक्टर एउफेमियानो फुएन्तेस याच्याकडच्या, स्पर्धकांना पुन्हा चढवण्यासाठी साठवलेल्या रक्ताच्या पिशव्या स्पॅनिश पोलिसांच्या हाती लागल्या. टूर द फ्रान्स सात वेळा जिंकलेला अमेरिकी स्पर्धक लान्स आर्मस्ट्राँग आपण एकाही चाचणीत दोषी ठरलो नसल्याचे वर्षानुवर्षे सांगत राहिला. २०१२ मध्ये अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेने अकरा माजी सहकाऱ्यांसह २६ जणांच्या साक्षी मांडल्यावर त्याची १९९९ ते २००५ मधील सातही विजेतेपदे गेली आणि त्या वर्षांना विजेताच उरला नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याने कबुलीही दिली. आधी शंका घेणाऱ्या पत्रकारांना व साक्षीदारांना त्याने ज्या रीतीने छळले, त्याचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही.

२००८ पासून स्पर्धकाच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षे ठेवणारे ‘जैविक पारपत्र’ वापरात आले. त्यात विशिष्ट द्रव्य शोधण्याऐवजी रक्तातील अनैसर्गिक चढउतार तपासले जातात. याच काळात चाहत्यांनीही चढ चढायला लागलेल्या वेळेवरून शरीराच्या प्रत्येक किलोमागे किती वॉट शक्ती लागली असेल याचा हिशेब मांडायला सुरुवात केली. वारा, रस्ता आणि स्पर्धकाचे खरे वजन यांविषयीच्या अंदाजांवर तो उभा असल्याने त्याला पुरावा म्हणता येत नाही. तरीही अशा शंकांच्या वातावरणात २०१५ च्या टूरमध्ये ब्रिटिश स्पर्धक ख्रिस फ्रूम याच्यावर एका प्रेक्षकाने मूत्र फेकले. २०१७ मध्ये त्याच्या नमुन्यात दम्यावरील साल्ब्युटामॉल मर्यादेपेक्षा जास्त आढळले, परंतु जुलै २०१८ मध्ये ते प्रकरण कारवाईविना बंद झाले.

यांत्रिक फसवणुकीची चर्चा २०१० पासून वाढली. जानेवारी २०१६ मध्ये बेल्जियममध्ये झालेल्या सायक्लोक्रॉस विश्वस्पर्धेत फेम्के व्हान डेन ड्रीशे हिच्या सायकलीच्या नळीत मोटर सापडली व तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. ही स्पर्धा चिखलवाटांवरची होती, रस्त्यावरची नव्हे. त्यानंतर चुंबकीय तपासणी आणि क्ष-किरण यांचा वापर नित्याचा झाला आहे.