डेडहेड

डेडहेड : ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा निस्सीम चाहता. रेकॉर्ड विकत घेऊन घरी ऐकणारा किंवा भिंतीवर पोस्टर लावणारा श्रोता या शब्दात सहसा धरला जात नाही. बँडच्या दौऱ्यामागे शहरोशहरी फिरणारा, एका आठवड्यात चार-चार कार्यक्रम ऐकणारा, त्या कार्यक्रमांच्या टेपा जमवणारा आणि दुसऱ्याला फुकट उतरवून देणारा असा जो समुदाय अमेरिकेत १९७० च्या दशकात आकाराला आला, त्यातला एक म्हणजे डेडहेड. इंग्रजीत हा शब्द आधीपासून होता. एकोणिसाव्या शतकात तिकीट न काढता नाटकाला किंवा आगगाडीत बसणाऱ्याला तसे म्हणत. बँडच्या चाहत्यांना तो चिकटला तो नावातल्या साम्यामुळे. पण सभागृहाबाहेर एक बोट वर करून फुकट तिकिटाची वाट पाहणाऱ्या डेडहेडला जुना अर्थही चपखल बसत असे.

बँडची स्थापना १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो परिसरात झाली. जेरी गार्सिया, बॉब वीर, फिल लेश, बिल क्रॉइट्समन आणि ‘पिगपेन’ या नावाने ओळखला जाणारा रॉन मॅकर्नन हे मूळ पाच जण. दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट १९६७ मध्ये आला. आधीचे नाव ‘वॉरलॉक्स’. नवे नाव गार्सियाला शब्दकोश चाळताना सापडले. ते एका जुन्या लोककथाप्रकाराचे नाव आहे : बेवारस प्रेताचे अंत्यसंस्कार स्वतःच्या पैशाने करणाऱ्या प्रवाशाला पुढे संकटात त्या मृताचा आत्मा मदत करतो. उपकार आणि त्याची फेड हा धागा नावातच होता, आणि पुढे चाहत्यांच्या व्यवहारातही तो उतरला.

बँडची बहुतेक महत्त्वाची गाणी रॉबर्ट हंटर या कवीने लिहिली. तो वाद्य घेऊन मंचावर नसे, तरी १९९४ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये बँडबरोबर त्याचाही समावेश झाला. जुगारी, फरारी, नद्या, रेल्वे, पत्त्यांचा डाव अशा जुन्या अमेरिकन लोकगीतांतल्या सामग्रीतून त्याने असे काही बांधले की ओळ कळल्यासारखी वाटते, पण पुरती हाती लागत नाही. अर्थ विचारला तर तो सहसा उत्तर देत नसे. त्यामुळे एकच ओळ कुणी बापाच्या मृत्यूनंतर आपली मानली, कुणी दारू सोडताना. गाण्यांत उपदेश नसतो, म्हणूनच ती इतक्या वेगवेगळ्या माणसांना पुरली, असे म्हणायला हरकत नाही.

तेच पुन्हा ऐकण्याचे कारण

बाहेरच्याला पडणारा पहिला प्रश्न असा, की एकाच बँडचे शंभर कार्यक्रम कोण आणि का ऐकेल? उत्तर साधे आहे : ते शंभर कार्यक्रम एकसारखे नसत. तीस वर्षांत बँडने सुमारे २,३०० कार्यक्रम केले आणि दोन रात्री तोच क्रम जवळजवळ कधीच वाजवला नाही. गाण्यांची यादी आधी पक्की नसे. कार्यक्रमाचे दोन भाग असत. पहिल्यात सुटी, आटोपशीर गाणी. दुसऱ्यात एक गाणे न थांबता दुसऱ्यात शिरे, मधला पूल त्या क्षणी रचला जाई, आणि तो पाच मिनिटांचा होईल की वीस मिनिटांचा हे मंचावरच्यांनाही ठाऊक नसे. १९७८ पासून दुसऱ्या भागाच्या मध्यावर दोन ड्रमवादकांचा खेळ आणि त्यानंतर ताल-सूर सोडून केलेला मोकळा आवाजविहार हे जवळजवळ ठरून गेले.

अशा पद्धतीत रात्र फसण्याची शक्यता मोठी. शब्द विसरले जात, गाणी भरकटत, कोरस बेसूर होई. डेडहेड हे लपवत नाहीत. उलट कोणत्या साली कोणता दौरा रटाळ होता हे तेच जास्त चवीने सांगतात. फसण्याचा धोका खरा असल्याशिवाय जमून आलेल्या रात्रीला किंमत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. एखादे गाणे वर्षानुवर्षे गायब होई आणि अचानक परत येई. ‘डार्क स्टार’ हे त्यांचे सर्वांत मोकळे, लांबत जाणारे गाणे जुलै १९८४ नंतर पाच वर्षे कुणाच्या कानी पडले नव्हते. ऑक्टोबर १९८९ मध्ये बाहेरगावची गर्दी टाळण्यासाठी बँडने व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे ‘पूर्वाश्रमीचे वॉरलॉक्स’ अशा नावाने दोन कार्यक्रम लावले. दुसऱ्या रात्री त्या गाण्याचे पहिले स्वर निघाले. त्या टेपवर पुढच्या काही क्षणांत संगीत कमी आणि ओरडा जास्त ऐकू येतो.

टेप

रोज वेगळे वाजते म्हटल्यावर ते टिपून ठेवावे असे कुणाला तरी वाटणारच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही चाहते सभागृहात चोरून टेपरेकॉर्डर नेत. कधी हाकलले जात, कधी डोळेझाक होई. इतर बँडांच्या लेखी ही सरळ चोरी होती. गार्सियाचे म्हणणे वेगळे होते : आमचे वाजवून झाले की ते त्यांचे. अखेर १९८४ च्या ऑक्टोबरात बर्कली येथील कार्यक्रमापासून टेप करणाऱ्यांसाठी ध्वनिनियंत्रकाच्या टेबलामागे स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकिटे ठेवली जाऊ लागली. यात औदार्य होते तशी सोयही होती, कारण मायक्रोफोनच्या उंच दांड्यांचे जंगल सभागृहभर उगवू लागले होते आणि मागच्यांना मंच दिसेनासा झाला होता.

या टेपर मंडळींची शिस्त पाहण्यासारखी होती. मायक्रोफोनजवळ बोलायचे नाही, गायचे नाही, टाळ्याही जपून. सगळ्यांत अवघड काम कॅसेट पालटण्याचे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि कार्यक्रमाचा दुसरा भाग त्याहून बराच लांब. म्हणजे कुठेतरी मध्येच बाजू बदलावी लागणार. जाणकार टेपर गाण्यांच्या मधल्या शांततेची किंवा ड्रमच्या खेळाची वाट पाहत एक डोळा फिरत्या चकतीवर ठेवून बसे. अंदाज चुकला की नेमक्या रंगात आलेल्या जागी आवाज तुटे, आणि ती तुटलेली जागा पुढच्या प्रत्येक प्रतीत तशीच उतरे.

प्रतींची वंशावळ ठेवली जाई. मूळ टेपवरून उतरवलेली ती पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी. प्रत्येक पिढीबरोबर सूं-सूं वाढत जाई. पाचव्या-सहाव्या पिढीच्या टेपवर गार्सियाची गिटार पावसाच्या पलीकडून आल्यासारखी वाटे, तरी माणसे ती जपत. कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर तारीख, गाव, सभागृह आणि गाण्यांचा क्रम बारीक अक्षरात लिहिलेला असे. दोन गाण्यांमध्ये बाण काढला असेल तर बँड न थांबता एकातून दुसऱ्यात गेला, असा त्याचा अर्थ. हा बाण म्हणजे डेडहेडांची खरी लिपी. कार्ड पाहूनच जाणकार सांगे की रात्र कशी झाली असेल.

पैसे घेऊन टेप विकणे हा या समुदायातला सर्वांत मोठा गुन्हा. ज्याच्याकडे अदलाबदलीला काहीच नाही अशा नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. जुना संग्राहक त्या भरून परत पाठवी. बदल्यात अपेक्षा एकच : उद्या तूही कुणाला तरी अशाच भरून दे. टेपांच्या अशाच देवघेवीतून १९७४ मध्ये एक नियतकालिकही निघाले आणि पुढे सर्वसाधारण रॉक संगीताचे नियतकालिक म्हणून नावारूपाला आले. बँडनेही या वेडाचे मोल ओळखले. हवाईत राहून टेपांवर जीव टाकणारा डिक लॅटवाला हा चाहता बँडच्या ध्वनिमुद्रण-भांडाराचा रखवालदार झाला आणि १९९३ पासून त्याने निवडलेले कार्यक्रम त्याच्याच नावाच्या मालिकेतून अधिकृतपणे प्रसिद्ध होऊ लागले.

सर्वांत गाजलेली टेप ८ मे १९७७ ची. स्थळ न्यूयॉर्क राज्यातील इथाका, कॉर्नेल विद्यापीठाचे बार्टन हॉल. ध्वनिमुद्रण बँडची तंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन हिचे. तिच्या टेपांचा मोठा साठा भाडे थकल्यामुळे एका गोदामाच्या मालकाने १९८६ मध्ये लिलावात काढला, आणि तो चाहत्यांच्या हाती लागून प्रतिप्रतीने देशभर पसरला. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने (लायब्ररी ऑफ काँग्रेस) जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या आपल्या २०११ सालच्या यादीत हा कार्यक्रम घेतला. बँडने तो अधिकृतरीत्या प्रसिद्ध केला तो मात्र २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी. तोवर ज्याला हवा होता त्याच्याकडे तो केव्हाच पोचला होता. अर्थात कॉर्नेलच सर्वोत्तम असे नवख्याने म्हटले की जुना डेडहेड हमखास नाक मुरडतो आणि त्याच महिन्यातली दुसरी एखादी तारीख पुढे करतो.

समुदाय

संघटनेची सुरुवात बँडनेच केली. १९७१ च्या एका अल्बमच्या आतल्या बाजूस चाहत्यांना आपले नाव-पत्ता कळवण्याचे आवाहन छापले होते. पत्रांचा ढीग पडला, यादी झाली, वार्तापत्र निघाले. १९८३ पासून बँडचे स्वतःचे तिकीट कार्यालय टपालाने तिकिटे देऊ लागले. त्याचे नियम काटेकोर : तीन बाय पाच इंचांचे कार्ड, मनीऑर्डर, स्वतःचा पत्ता घातलेले पाकीट, आणि ठरलेल्या तारखेचाच शिक्का. सजवलेल्या पाकिटाला तिकीट लवकर मिळते असा समज असल्याने लोक पाकिटांवर गुलाब, सांगाडे आणि वीज कोरलेली कवटी रंगवून पाठवत. त्यांतली कितीतरी आज सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. विजेची कवटी हे बँडचे चिन्हही मुळात सामानाच्या पेट्या ओळखू याव्यात म्हणून निघालेले.

सभागृहाबाहेरच्या वाहनतळावर दुसरी वस्ती उभी राही. हाताने रंगवलेले सदरे आणि तव्यावर भाजलेले चीज-सँडविच विकून पुढच्या गावाचे पेट्रोल काढले जाई. फुकट मिळालेल्या तिकिटाला ‘मिरॅकल’ म्हणत. आत गेल्यावरही गट वेगळे. गिरक्या घेत नाचणारे ‘स्पिनर’ गर्दी टाळून सभागृहाच्या बोळात नाचत. ‘व्हार्फ रॅट’ म्हणजे दारू आणि नशा सोडलेले डेडहेड. मध्यंतरात पिवळ्या फुग्यांखाली ते एकमेकांना भेटत. ऐकू न येणारेही येत आणि हातात फुगा धरून संगीताची थरथर अनुभवत. बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन आणि तेव्हाचे सिनेटर पॅट्रिक लेही हे डेडहेडांतले नामवंत. रिबेका ॲडम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तर १९८९ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचा वर्गच दौऱ्यावर नेला.

नशेचा भाग झाकून हे चित्र पुरे होत नाही. बँडची सुरुवातच एलएसडीच्या जाहीर प्रयोगांच्या मैफलींत झाली होती, आणि ते रसायन कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९६६ पर्यंत बेकायदा नव्हते. पुढे १९८६ च्या केंद्रीय कायद्याने किमान शिक्षा वजनावर ठरवली. एलएसडी ज्या कागदावर टिपले जाई त्या कागदाचे वजनही त्यात धरले जाई, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते उचलून धरले. परिणामी अगदी तरुण डेडहेडही दीर्घ मुदतीसाठी तुरुंगात गेले.

उतरण आणि नंतर

समुदायाला खरा तडाखा बसला तो यशाने. १९८७ मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकावर पोचले. बावीस वर्षांत पहिल्या दहात गेलेले हे बँडचे पहिलेच गाणे, आणि शेवटचेही. नवे श्रोते लोंढ्याने आले. जुन्यांनी त्यांना ‘टचहेड’ असे खवचट नाव दिले. त्यात अहंकार होता हे खरे. पण तिकीट नसताना केवळ वाहनतळावरच्या जत्रेसाठी हजारो लोक जमू लागले हेही तितकेच खरे. २ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यातील डीअर क्रीक येथे तिकीट नसलेल्यांनी कुंपण पाडले आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. बँडने चाहत्यांना उघड पत्र लिहून खडसावले. ९ जुलैला शिकागोत शेवटचा कार्यक्रम झाला, आणि ९ ऑगस्टला गार्सिया वारला. तो ५३ वर्षांचा होता. डिसेंबरमध्ये उरलेल्यांनी बँडचे नाव वापरणे थांबवले.

चाहते मात्र उठून गेले नाहीत. जुन्या वादकांच्या नव्या बँडांमागे ते फिरत राहिले. २०१५ पासून ‘डेड अँड कंपनी’मागे, ज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये साठावे वर्ष साजरे केले. टेपांचा संसार इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात गेला. नोव्हेंबर २००५ मध्ये तेथून ध्वनिमुद्रणे उतरवून घेण्याची सोय काढून टाकली गेली, तेव्हा चाहत्यांनी बहिष्काराची भाषा केली आणि फिल लेशनेही त्यांची बाजू घेतली. काही दिवसांत तडजोड झाली : प्रेक्षकांतून केलेल्या टेपा पूर्ववत मोकळ्या, ध्वनिनियंत्रकाच्या टेबलावरून घेतलेल्या फक्त ऐकण्यापुरत्या.

एकाच रात्रीची तेथे अनेक ध्वनिमुद्रणे आढळतात, वेगवेगळ्या खुर्च्यांवरून केलेली. एकाची कॅसेट पालटताना जे दहा-वीस सेकंद गेले, ते दुसऱ्याच्या टेपवर असतात. आजचे डेडहेड, ज्यांतल्या कित्येकांचा जन्म १९९५ नंतरचा, असे तुकडे वेगाचा आणि सुराचा फरक काढून एकमेकांना जोडतात, आणि सोबतच्या टिपणात कोणत्या गाण्यातला कोणता क्षण कोणाच्या टेपवरून घेतला ते लिहून ठेवतात.